पलंगावर वजन आहे

काही माणसांना चार प्रश्न विचारल्याशिवाय घास उतरत नाही. तो प्रोग्रॅम त्यातलाच होता. काळी खिडकी उघडायची, पलंगाचा नंबर टाकायचा, की याची सरबत्ती सुरू. केबल नीट बसली आहे का? हो. हाच पलंग ना? हो. फाईल याच जातीच्या पलंगाची आहे का? हो. एकदा बघून घेता का? बघितलं. जुनी फाईल पुसू? पूस रे बाबा, पूस. प्रत्येक प्रश्नाला माणसाने आपल्या बोटांनी उत्तर टाइप करायचं, एंटर मारायचं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसायचं. नमनाला असं घडाभर तेल जाळल्यावर मग कुठे तो एका पलंगात नवी फाईल ढकलायला घ्यायचा. ती गेली की पुढचा पलंग, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न: केबल नीट बसली आहे का?

कारखाना दवाखान्याच्या पलंगांचा होता. बटण दाबलं की पाठ उचलणारे, पाय वाकवणारे, अख्खे वरखाली होणारे पलंग. प्रत्येक पलंगाच्या पोटाखाली एक डबी, डबीत एक इवलासा कॉम्प्युटर, आणि त्याला काय करायचं ते सांगणारं फर्मवेअर, म्हणजे पलंगाची अक्कल म्हणा. अक्कल मधूनमधून बदलावी लागते, माणसांचीही लागते, पण पलंगांची बदलता येते. या खेपेला तक्रार अशी होती की पाठ वर करायचं बटण सोडलं तरी पाठ आणखी जराशी वर जातच राहते. नवी फाईल तयार होती. दोन हॉल भरून पलंगही तयार होते, एका नव्या दवाखान्यासाठी. आठवडा संपायच्या आत सगळ्या पलंगांना नवी अक्कल द्यायची, असा साहेबांचा हुकूम होता.

हे लोढणं धाकटीच्या गळ्यात पडलं. धाकटी तिथे सॉफ्टवेअर इंजिनियर होती. कारखान्यात तिला मॅडम म्हणत, धाकटी हे घरातलं, दोन सुनांमधली धाकटी म्हणून. पण तिच्या डोक्याचा ताप सगळा घरातूनच निघालेला असल्यामुळे आपणही तिला धाकटीच म्हणू. कारण तो प्रश्नाळू प्रोग्रॅम लिहिला होता तिच्या सासऱ्यांनी.

सासरे याच कारखान्यातून निवृत्त झाले होते. त्यांच्या माघारी तिथे त्यांना प्रश्नपत्रिका म्हणत, आणि ती त्यांची सून आहे हे विसरून तिच्यासमोरही म्हणत. त्यांचा प्रोग्रॅम बदलायची हिंमत कोणी केली नव्हती. चालतंय ना, मग हात कशाला लावा, हे त्या कारखान्याचं ब्रीद होतं. शिवाय मूळ कोड ज्या जुन्या यंत्रावर बांधला जायचा ते यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. म्हणजे प्रोग्रॅम होता तसा, प्रश्नांसकट, पिढ्यान्‌पिढ्या नांदवायचा होता.

बरं, दिवसभर ऑफिसात त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत, तर घरी आल्यावर प्रत्यक्ष मूर्ती समोर. सासूबाई गेल्यापासून सासरे धाकटीकडेच राहत होते, आणि अलीकडे त्यांचं विचारणं वाढलं होतं. दार लावलंस का? गॅस बंद आहे ना? किल्ली घेतलीस? उद्या लवकर जायचंय का? जेवलीस का? एकदा विचारलेलं अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं की आजार वगैरे काही नाही, वय आहे आणि घर दिवसभर रिकामं असतं. धाकटीने यावर एक तोडगा काढला होता. प्रश्न कानावर पडला की मान वर न करता हो म्हणायचं. हो बाबा. लावलंय बाबा. हो. यात वेळ वाचत होता, आणि खरं सांगायचं तर डोकंही शाबूत राहत होतं.

त्यात गेल्या पंधरवड्यापासून एक मोठा प्रश्न घरात येऊन बसला होता. तो सासऱ्यांचा नव्हता, सासऱ्यांबद्दलचा होता. थोरल्या दिरांनी दुसऱ्या गावात मोठं घर घेतलं होतं आणि थोरलीचा फोन आला होता, की बाबांना आता कायमचं आमच्याकडेच आणतो. तुम्ही दोघंही दिवसभर बाहेर, ते एकटे, इथे मी असते. तुझं काय ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांग, हे रविवारी न्यायला येतील, मला खोली लावून घ्यायची आहे. थोरलीचं बोलणं सरळ होतं, त्यात कुठे खोट काढायला जागा नव्हती. धाकटीने नवऱ्याला विचारलं, तर त्याने हात वर केले. तू म्हणशील तसं, म्हणाला, जास्त तूच करतेस त्यांचं. इतकं समजूतदार बोलून माणूस किती सहज अंग काढून घेऊ शकतो, याचा धाकटीला मनस्वी राग आला. आणि बाबांच्या कानावर इतक्यात घालायचं नाही, असं तिघांनी ठरवून टाकलं. ज्याच्याबद्दल प्रश्न होता त्याला सोडून बाकी सगळ्यांना विचारून झालं होतं.

धाकटीला काय हवं होतं? हेच तर तिला कळत नव्हतं. एखाद्या संध्याकाळी तिसऱ्यांदा गॅसचं विचारलं की वाटे, जाऊ देत, सुटेन एकदाची. मग सकाळी तिच्या चपला दाराकडे तोंड करून लावून ठेवलेल्या दिसत, पाण्याची बाटली भरलेली असे, आणि हे कोणी केलं ते विचारायची गरज नसे. मग थोरलीला फोन करायचा राहून जाई.

फोन राहिला, पण पलंगांना राहून चालणार नव्हतं. सोमवारी तिने हाताने उत्तरं देत जेवढे पलंग उरकले, तेवढ्या वेगाने गेलं तर दवाखान्याचं उद्घाटन जमिनीवर गाद्या टाकूनच करावं लागलं असतं. तेव्हा तिने ठरवलं, या प्रश्नपत्रिकेला माणूस लागतो ना, मग आपण नकली माणूस बसवू.

पहिल्यांदा तिने सोपा मार्ग धरला. सगळी उत्तरं एका फाईलमध्ये ओळीने लिहिली आणि ती फाईल प्रोग्रॅमच्या तोंडात एकदम ओतली. प्रोग्रॅमने पहिला प्रश्न विचारला आणि तसाच बसून राहिला. तिने पुन्हा ओतली. तो पुन्हा बसला. अर्धा दिवस डोकं आपटल्यावर घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. प्रश्न पडद्यावर पुरता उमटायच्या आधी जे काही टाइप झालं असेल, ते हा शहाणा सरळ फेकून देत होता. उत्तर द्यायचं तर प्रश्न पुरा झाल्यावर द्यायचं, आधी दिलेलं धरणार नाही. वर्गात आधीच हात वर करणाऱ्या पोराला खाली बसवणारे मास्तर असतात तसं. असली सोय कोणी मुद्दाम करून ठेवत असेल यावर तिचा विश्वास बसेना. मग लेखक कोण ते आठवलं आणि बसला.

मग तिने दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ही माणसासारखी मध्ये बसणार, पडद्यावर अमुक शब्द दिसेपर्यंत थांबणार, दिसले की हो टाइप करून एंटर मारणार. पहिला पलंग झक्कास गेला. दुसऱ्या पलंगाला स्क्रिप्ट जी अडकली ती अडकलीच. कारण पहिल्याला प्रोग्रॅमने विचारलं होतं, पुढे जाऊ का? आणि दुसऱ्याला विचारलं, जायचं ना पुढे? सासऱ्यांनी एकेका प्रश्नाचे चार चार अवतार करून ठेवले होते, आणि क्रमही आलटून पालटून. ती एक शब्द पकडे, तो दुसरा काढी. मंगळवार गेला, बुधवार गेला. दुपारी ती एकटीच पडद्याकडे बघून म्हणाली, भीक नको पण कुत्रा आवर. पलीकडच्या टेबलावरचा माणूस दचकून उठून गेला.

बुधवारी संध्याकाळी ती घरी गेली ती ठरवूनच, की विचारायचं. पण ताकाला जाऊन भांडं लपवायची सवय कोणाला सुटली आहे? जेवताना तिने सहज म्हणून काढलं, की बाबा, तुमच्या त्या प्रोग्रॅममध्ये प्रश्न गाळून सरळ फाईल पाठवायची काही युक्ती होती का हो? म्हणजे तुमच्या स्वतःसाठी, घाईच्या वेळी?

"प्रश्न गाळून काय करायचंय?" सासऱ्यांनी विचारलं. अर्थात विचारलंच.

तिने सांगितलं की काही नाही, असंच. ते बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, की युक्ती नव्हती, मुद्दाम ठेवली नव्हती. प्रश्न आला की माणूस एकदा मान वर करून पलंगाकडे बघतो, तेवढ्यासाठीच ते प्रश्न होते, उत्तरासाठी नव्हतेच. आणि मग, बहुतेक तिचा चेहरा बघून, त्यांनी विचारलं की फार त्रास होतो का गं त्या प्रश्नांचा?

"छे हो बाबा," धाकटी म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

आणि गुरुवारी वैतागाच्या भरात तिने ती गोष्ट केली. शब्द ओळखायच्या भानगडीतच पडायचं नाही. प्रश्न कोणताही असो, कसाही असो, ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह दिसलं की हो म्हणायचं. बस. स्क्रिप्ट दहा ओळींत आटोपली. चालवून बघितली तर एक पलंग, दोन पलंग, अख्खी रांग, कुठेही न अडखळता फाईल गेली. प्रत्येक पलंग नवी अक्कल मिळाल्यावर एकदा आळस देई, म्हणजे आपली हद्द तपासण्यासाठी पाठ पूर्ण वर, पाय पूर्ण वर, मग पुन्हा सपाट. रांगेने पलंग आळस देत चालले होते आणि धाकटी हाताची घडी घालून बघत उभी होती. तिने त्या स्क्रिप्टचं नाव ठेवलं नंदीबैल. काहीही विचारा, मान डोलावणार. आठवड्यात पहिल्यांदा तिला हसू आलं.

शुक्रवारी सकाळी ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून उभ्या उभ्याच नंदीबैलाला शेवटचा हात फिरवत होती. एका पलंगाचं झालं की आपोआप पुढच्याकडे वळायचं, एवढं जमलं की दुपारच्या आत दुसरा हॉल संपणार होता. सासरे चहाचा कप घेऊन समोर येऊन उभे राहिले. त्यांनी काहीतरी विचारलं. तिच्या कानावर रविवार एवढा शब्द आला, नजर पडद्यावर होती, तोंडाने हो बाबा म्हटलं. ते जरा थांबले. मग आवाज खाली करून आणखी काहीतरी विचारलं. ती म्हणाली, हो बाबा, हो. कप तसाच ओट्यावर ठेवून ते आपल्या खोलीत गेले. ती निघाली तेव्हा त्यांनी किल्ली घेतलीस का असं विचारलं नाही, दाराचंही विचारलं नाही. तिला ते बरंच वाटलं.

कारखान्यात सगळं तिच्या मनासारखं झालं. फिटरने दुसऱ्या हॉलमधले सगळे पलंग एका जाळ्यात जोडून ठेवले होते. या फिटरला सगळे पैलवान म्हणत, कारण तो काडीसारखा होता. कारखान्यातला प्रत्येक पलंग त्याच्या हाताखालून जायचा आणि दुपारच्या जेवणानंतर त्यातल्या एकावर तो स्वतःही जायचा, शेवटच्या रांगेत, भिंतीकडे तोंड करून. कोणी उठवलं तर म्हणे, चाचणी चालू आहे. हे सगळ्यांना ठाऊक होतं, साहेबांनाही, धाकटीलाही. ठाऊक असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं.

नंदीबैल सुरू करून ती हॉलच्या दाराशी असलेल्या टेबलावर बसली. पडद्यावर प्रश्न सरकत होते, हो सरकत होते. ती बघत नव्हती. बघायला लागू नये म्हणूनच तर एवढा खटाटोप केला होता. रांगेमागून रांग आळस देत होती. तिने डबा काढून समोर ठेवला. आता जेवायचं आणि मग थोरलीला फोन करायचा, पाठवते म्हणून सांगायचं, असं तिने त्या शांततेत जवळजवळ ठरवूनही टाकलं. कामं अशी हातावेगळी होत असतात तेव्हा माणसाला सगळंच हातावेगळं करावंसं वाटतं.

डब्याचं झाकण उघडणार तोच शेवटच्या रांगेतून ओरडणं ऐकू आलं.

ती धावली. पैलवानाचा पलंग पाठीकडून आणि पायांकडून एकाच वेळी उठत होता आणि मध्ये पैलवान होता. झोपेतून जागं होईतो त्याचे गुडघे छातीला लागले होते आणि एक हात पाठीखाली अडकला होता. पलंग थांबवायचं लाल बटण होतं, पण त्याच्या हाताच्या विरुद्ध बाजूला. धाकटीने बटण शोधण्याच्या भानगडीत न पडता भिंतीतला प्लग खेचला. पलंग थांबला, पण थांबला तो तसाच, मिटलेला. शेजारच्या हॉलमधून चौघं आले, हाताने पाठ खाली दाबली, आणि पैलवानाला बाहेर काढून खुर्चीवर बसवलं. तो पांढराफटक पडला होता.

साहेब आले. त्यांनी आल्या आल्या पलंगाला काय झालं ते विचारलं आणि मग सगळे आपल्याकडे बघताहेत हे लक्षात येऊन पैलवानाची चौकशी केली. डॉक्टरांनी कंबर लचकली आहे, हाड शाबूत आहे, काही दिवस पडून राहावं लागेल असं सांगितलं. साहेब धाकटीवर उखडले, पैलवानावर उखडले, दोघांवर मिळून उखडले आणि गेले. धाकटी दाराशी गेली आणि तिने पडद्यावर पाहिलं. शेवटच्या ओळींत एक प्रश्न होता. आठवडाभरात तिने हा प्रश्न एकदाही पाहिला नव्हता, कारण आठवडाभरात फाईल जाताना कोणत्याही पलंगावर कोणी झोपलेलं नव्हतं.

पलंगावर वजन आहे. तरी पुढे जाऊ?

हो.

ती परत पैलवानाजवळ जाऊन बसली. माफी मागणार, तेवढ्यात तोच बोलला, रागाने नाही, नुसतं नवल वाटून.

"मॅडम, हलायच्या आधी तो विचारतो हो. मोठ्या साहेबांनी, तुमच्या सासऱ्यांनी, घालून ठेवलंय त्यात. त्या भरवशावर तर मी झोपतो."

"विचारलं होतं त्याने," ती म्हणाली.

"कोणाला?"

"मला. पण मी आधीच हो म्हणून ठेवलं होतं."

पैलवानाला गाडीत बसवून घरी पाठवलं, आणि धाकटीही सुट्टी टाकून निघाली. बसमध्ये तिला स्वतःची इतकी लाज वाटत होती की तिकीट काढतानाही तिने मान वर केली नाही. लाज काडीसारख्या माणसाच्या कंबरेची होती, आणि ज्या प्रश्नांना चार दिवस शिव्या घातल्या त्यांतलाच एक खरा निघाला याचीही होती. घरी जाऊन बाबांना सगळं सांगायचं, असं तिने ठरवलं. ते नक्कीच विचारतील, मग प्रश्न वाचला नव्हतास का? विचारू देत.

तिने दार उघडलं तर सासरे बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. अंगात बाहेर जायचे कपडे, पायात बूट. पायांशी त्यांची जुनी बॅग भरून, पट्टा आवळून ठेवलेली. खिडकीतल्या त्यांच्या औषधांच्या बाटल्या नव्हत्या.

तिला आधी वाटलं, कुठे बरं नाही की काय. तिने घाबरून विचारलं, कुठे निघालात? ते तिच्याकडे बघत राहिले, जसं काही तिचंच काहीतरी चुकतंय.

"सकाळी विचारलं ना तुला," ते म्हणाले.

"काय विचारलंत?"

त्यांनी शांतपणे सांगितलं. थोरलीचा फोन चालू असताना त्यांनी एकदा अर्धंमुर्धं ऐकलं होतं. भिंती काही एवढ्या जाड नाहीत. तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणत होते. आज विचारलं, की रविवारी थोरला येतोय तो मला कायमचा न्यायला येतोय का? तू म्हणालीस, हो बाबा. मग विचारलं, तुलाही तसंच हवंय का? तू म्हणालीस, हो बाबा, हो.

"दोनदा म्हणालीस," सासरे म्हणाले. "मग मी थोरल्याला फोन करून टाकला, रविवारची वाट कशाला, संध्याकाळच्या गाडीने मीच येतो म्हणून. उगाच तुझ्यावर सांगायची पाळी नको."

धाकटी बॅगेशेजारी जमिनीवरच बसली. तिला रडू आलं आणि तिने ते आवरलं नाही. सासरे गोंधळले. काय झालं, ऑफिसात कोणी काही बोललं का, बरं वाटत नाही का, त्यांनी एकामागून एक विचारलं. मग तिने सगळं सांगितलं. उत्तरांची फाईल, प्रश्नांचे चार चार अवतार, नंदीबैल, पैलवान, त्याची कंबर. त्यांच्याशी खोटं बोलून त्यांच्याच प्रोग्रॅमला कसं फसवलं तेही सांगितलं. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. फक्त पैलवानाचं नाव आलं तेव्हा, फार लागलं का त्याला, एवढं विचारलं, आणि हाड शाबूत आहे ऐकून खुर्चीत मागे टेकले.

"तो वजनाचा प्रश्न मी नंतर घातला," ते थोड्या वेळाने म्हणाले. "पहिल्यांदा नव्हता."

"का घातला?"

"मीच झोपलो होतो ना."

धाकटीने वर पाहिलं. ते अगदी गंभीर होते, पण मिशीचं एक टोक हललं. तिला रडता रडता हसू आलं, आणि आपण असं हसतो आहोत याचं वाईटही वाटलं, कारण पैलवान घरी कण्हत पडला असेल. उद्या आपण दोघं त्याला भेटायला जाऊ, सासरे म्हणाले. मग त्यांची नजर बॅगेकडे गेली. मग त्यांनी विषय बदलून विचारलं, की आता त्या स्क्रिप्टचं काय करणार? ती म्हणाली, ओळखीच्या प्रश्नांना ती उत्तर देईल, पण अनोळखी प्रश्न आला की जागच्या जागी थांबेल आणि मला हाक मारेल. त्यांनी मान डोलावली. एवढं झालं तरी पुष्कळ, म्हणाले.

बॅग दोघांच्या मध्ये होती.

"बाबा," धाकटी म्हणाली, "सकाळचं परत विचारा."

ते नको म्हणाले. एकदा विचारलं ते पुष्कळ झालं, असल्या गोष्टी माणूस दोनदा विचारत नाही. तिने पुन्हा म्हटलं, विचारा ना. त्यांनी बुटांकडे पाहिलं, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"मी थोरल्याकडे—"

"नाही," धाकटी म्हणाली. "नाही जायचं तुम्ही."

"प्रश्न पुरा व्हायच्या आधी दिलेलं उत्तर मी धरत नाही," सासरे म्हणाले.

ती गप्प बसली. त्यांनी आवाज नीट केला आणि प्रश्न पहिल्यापासून विचारला, एकेक शब्द सावकाश. मी थोरल्याकडे कायमचा गेलो, तर तुला सुटल्यासारखं वाटेल का?

हा प्रश्न तिच्या ओळखीच्या प्रश्नांतला नव्हता. नाही म्हणणं अगदी सोपं होतं, ओठांवरच होतं, आणि ते सकाळच्या हो इतकंच पोकळ झालं असतं. ती विचार करत बसली. सासरे वाट बघत बसले. वाट बघणं त्यांना येत होतं.

"वाटेल," ती शेवटी म्हणाली. "पहिले काही दिवस वाटेल. गॅसचं कोणी विचारणार नाही म्हणून."

त्यांनी मान हलवली.

"आणि नंतर गॅसचं कोणी विचारणार नाही," ती म्हणाली. "मला ते नकोय. तुम्ही इथे राहायला हवे आहात मला. त्रास होईल, मी चिडेन, पण राहा."

सासरे वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले. एक बूट काढून झाल्यावर त्यांनी विचारलं, मग थोरल्याला आता फोन कोण करणार? ती म्हणाली, मी करते. तिने थोरलीचा नंबर लावला आणि फोन कानाला धरून उभी राहिली. पलीकडे रिंग वाजत होती. थोरलीला वाईट वाटणार होतं, तिला सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार होतं, आणि दीर रागावणार होते ते वेगळंच.

"दुपारी जेवलीस का?" सासऱ्यांनी दुसरा बूट काढता काढता विचारलं.

हो बाबा, अगदी दातांपर्यंत आलं होतं. मग तिला खांद्यावरच्या पिशवीचं वजन जाणवलं. डबा तसाच होता, न उघडलेला.

"नाही," धाकटी म्हणाली.

सासरे उठले, तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली आणि डबा गरम करायला आत गेले.